गच्चीची गळती: तिसऱ्यांदा कोटिंग करण्यापूर्वी काय तपासावे

डोंबिवलीतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इमारत १९९४ सालची, तळमजला आणि वर चार मजले. गच्ची सुमारे तीन हजार चौरस फूट, म्हणजे ३० ब्रास. स्लॅबवर विटांच्या रोड्यांचा कोबा असून त्यावर घोटाई केलेला सिमेंटचा थर आहे. गेल्या पाच वर्षांत दोनदा पांढरे ॲक्रिलिक कोटिंग करून घेतले. दोन्ही वेळा पहिला पावसाळा बरा गेला आणि दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे निघू लागले. चौथ्या मजल्यावरील तीन सदनिकांच्या छताला ओल येते आणि पाऊस थांबल्यावरही तीन आठवडे पाणी ठिबकत राहते. आता संस्थेपुढे तीन दरपत्रके आहेत: जुन्या कोब्यावर नवा कोबा, दहा वर्षांच्या हमीसह पुन्हा ॲक्रिलिक कोटिंग, किंवा डांबरी मेम्ब्रेन. यांपैकी कोणते स्वीकारावे, असा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, तिन्ही दरपत्रके सध्या बाजूला ठेवावीत. तिघांनीही गच्चीवर काय टाकायचे ते लिहिले आहे, परंतु पाणी कोठून आत शिरते आणि शिरलेले पाणी सध्या कोठे साठून आहे, याचा शोध कोणीही घेतलेला दिसत नाही. प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची माहिती सचिवांनी जाता जाता दिली आहे: पाऊस थांबल्यावर तीन आठवडे ठिबकणे. स्लॅबला सरळ भेग असेल तर पाऊस सुरू झाल्यावर काही वेळातच पाणी खाली येते आणि पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांत थांबते. तीन आठवडे ठिबकणारे पाणी साठ्यातून येत असते, आणि आपल्या बाबतीत तो साठा बहुधा कोब्यातच आहे.

कोबा मुळात वाईट नव्हे. भिजवलेले रोडे मसाल्यात एकमेकांपासून बोटभर अंतर ठेवून बसवले, त्यांच्यामधल्या दरजा मसाल्याने पूर्ण भरल्या, आळी करून आठवडाभर पाणी साठवून ठेवले आणि मग वरचा थर घोटून त्यावर दोरीने चौकटी पाडल्या, तर असा कोबा पंचवीस-तीस वर्षे निमूट काम करतो. तो गच्चीला उतार देतो, उन्हापासून स्लॅबचे रक्षण करतो आणि पाणी अडवतो. मात्र यातले पाणी अडवण्याचे काम वरच्या वीस-पंचवीस मिलिमीटरच्या सिमेंटच्या थरावर आणि कठड्यालगतच्या वाट्यांवर, म्हणजे कठडा आणि गच्ची यांच्या कोनात भरलेल्या मसाल्याच्या गोलसर पट्ट्यांवर, अवलंबून असते. तो थर तडकला की खालची वीट पाणी शोषून घेते. वीट आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के पाणी सहज धरून ठेवू शकते. म्हणजे ३० ब्रासच्या कोब्यात काही हजार लिटर पाणी डोळ्यांना न दिसता मावते. ते वर उन्हाने थोडे सुकते आणि खाली स्लॅबमधल्या बारीक भेगांतून पाझरते. खालच्या सदनिकेत जेथे ठिबकते, त्याच्या बरोबर वर छिद्र असेलच असे नाही. कोब्यातून पाणी आडवे पंधरा-वीस फूट सहज जाते. त्यामुळे छतावरच्या डागाच्या वर नेमका चौकोन आखून तेवढ्याच भागाला रसायन लावणे व्यर्थ असते.

आता पहिले दरपत्रक घेऊ, म्हणजे कोब्यावर कोबा. हे मी कोणत्याही परिस्थितीत सुचवणार नाही, आणि त्याचे पहिले कारण वजन हे आहे. सरासरी १०० मिमी जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १९० किलो भरते. एका ब्रासला पावणेदोन टन, आणि आपल्या पूर्ण गच्चीला पन्नास टनांहून अधिक. भारतीय मानक ८७५, भाग २ नुसार वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी चल भार (माणसे-सामान यांचे येते-जाते वजन) धरतात तो दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. पहिल्या कोब्याचे वजन अभियंत्याने आराखड्यात धरलेले असते. दुसऱ्याचे कोणीही धरलेले नसते. गच्चीवर सणासमारंभाला माणसे जमतील म्हणून जी क्षमता राखून ठेवली होती, ती सगळी आणि त्याहून थोडी अधिक, या नव्या कोब्याने कायमची खर्ची पडेल. तीही तीस वर्षे जुन्या आणि ओलीने सळया गंजू लागलेल्या स्लॅबवर. दुसरे कारण असे की, खालच्या ओल्या कोब्यातले पाणी तसेच कोंडले जाईल आणि त्याला बाहेर पडायला खालची वाट तेवढी उरेल. तिसरे, गच्चीची पातळी १०० मिमीने वर येईल, कठड्याची उंची कमी होईल, पावसाळी पाइपांची तोंडे खड्ड्यात जातील आणि जिन्याच्या खोलीचा उंबरठा गच्चीला समपातळीत आला की जोराच्या पावसात पाणी जिन्यावरून खाली उतरेल. असे जिने मी पाहिले आहेत.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी ते सांगतो. आधी टाकी आणि नळ. ओल एप्रिल-मे महिन्यातही असेल, तर पावसाला दोष देण्यापूर्वी गच्चीवरची टाकी, तिचा ओव्हरफ्लो, सौर बंबाच्या नळ्या आणि कोब्यात गाडलेल्या जुन्या लोखंडी लाइन तपासाव्यात. दोन दिवस एकेक लाइन बंद ठेवून ठिबकणे कमी होते का, ते पाहिले तरी बराच उलगडा होतो.

त्यानंतर गच्चीवर लाकडी दांड्याने किंवा हलक्या हातोडीने ठोकत फिरावे. जेथे खणखणीत आवाज येतो तेथे थर एकसंध आहे. जेथे बद्द आवाज येतो तेथे वरचा थर सुटला आहे. बद्द भागांभोवती खडूने रेघ मारून त्यांचे क्षेत्र मोजावे. मग सखल भागात, कठड्यालगत आणि मध्यभागी अशा चार-पाच ठिकाणी वीतभर चौकोन छिन्नीने थेट स्लॅबपर्यंत उघडावा. हे काम फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये करावे, कारण तेव्हा पाऊस जाऊन चार महिने झालेले असतात आणि कोबा कोरडा असायला हवा. त्या वेळीही आतला रोडा गडद लाल व थंड लागत असेल, दोन रोड्यांमधला मसाला बोटांनी चुरता येत असेल आणि तळाशी ओलसर माती साचलेली असेल, तर तो कोबा संपला असे समजावे. याउलट रोडा कोरडा, फिका आणि छिन्नीला दाद न देणारा असेल, तर कोबा राखता येतो आणि काम बरेच स्वस्तात होते.

उतार पाहण्यासाठी लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, पुरे. पावसाळी पाइपाच्या तोंडापासून दूरच्या टोकापर्यंत किमान शंभरास एक, म्हणजे दर मीटरला १० मिमी उतार असावा. नसेल, तर बादलीभर पाणी ओतून अर्ध्या तासाने कोठे डबके राहते ते पाहावे आणि त्या कडा खडूने आखून ठेवाव्यात. जुनी कोटिंगे कोठे निघाली याचा नकाशा आणि या डबक्यांचा नकाशा बहुतेक वेळा जुळतो, कारण पाण्यात विखुरलेल्या ॲक्रिलिकच्या बारीक कणांपासून बनलेले साधे कोटिंग साचलेल्या पाण्याखाली दिवसेंदिवस राहिले की मऊ पडते, फुगते आणि पकड सोडते. हे उत्पादन वाहत्या पाण्यासाठी आहे, साचलेल्या पाण्यासाठी नव्हे. बादलीवर मात्र हे बारीक अक्षरातच लिहिलेले असते.

पावसाळी पाइपांचा हिशेब बहुतेक संस्था करतच नाहीत. ताशी १०० मिमी तीव्रतेच्या पावसात १०० मिमी व्यासाचा एक उभा पाइप साधारण ४० चौरस मीटर छताचे पाणी वाहून नेतो, असे इमारतींच्या राष्ट्रीय संहितेतील कोष्टकावरून धरले जाते. आपली गच्ची सुमारे २८० चौरस मीटर. म्हणजे सहा ते सात पाइप हवेत. नव्वदच्या दशकातल्या अशा इमारतींना बहुधा चार असतात आणि त्यांतल्या एखाद्याच्या तोंडात चेंडू, पिंपळाची मुळी किंवा मागच्या रंगकामाचे फडके अडकलेले असते. तशा पावसात आपल्या गच्चीवर तासाला अठ्ठावीस हजार लिटर पाणी पडते. ते वेळेत उतरले नाही, तर वाट्याच्या वर चढून कठड्याच्या गिलाव्यातून आत शिरते आणि मग गच्चीच्या मधल्या भागाला कितीही उत्तम रसायन लावलेले असो, भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात ओल येतेच.

कठड्याकडे स्वतंत्रपणे पाहावे. गळतीचा उगम गच्चीच्या मधोमध क्वचितच असतो. तो कडेला, कोपऱ्यात, पाइपाच्या तोंडाशी आणि कोब्यातून वर आलेल्या वस्तूंच्या बुडाशी असतो. कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यातला वाटा सुटला आहे का, कठड्याच्या माथ्याला भेगा आहेत का, माथ्याचा उतार गच्चीकडे आहे की बाहेरच्या भिंतीकडे, आणि बाहेरच्या गिलाव्यात आडवी भेग आहे का, हे पाहावे. या आडव्या भेगेचे कारण ऊन हे आहे. काँक्रीट दर अंश सेल्सियसला दर मीटरमागे सुमारे ०.०१ मिमी प्रसरण पावते. पहाटे २५ अंशांवर असलेला गच्चीचा पृष्ठभाग दुपारी ५५ अंशांवर गेला, तर २० मीटर लांबीचा थर मोकळा असता तर सुमारे ६ मिमी लांबला असता. तो मोकळा नसतो, म्हणून कठड्याला रेटतो. हे रोज घडते आणि सांधा सुटतो. डिश अँटेनाचे बोल्ट, मांडवाचे बांबू रोवण्यासाठी पाडलेली भोके, झेंड्याचा पाइप आणि केबलवाल्याने न विचारता मारलेले खिळे यांचीही नोंद करावी. सत्यनारायणाच्या मांडवासाठी बांबू रोवताना कोबा फोडणारे सभासदच पुढे गळतीची तक्रार घेऊन येतात, हा अनुभव कोणत्याही सचिवांना नवा नसेल.

शेवटी पाणी भरून चाचणी. पूर्ण गच्ची एकदम भरू नये. विटा आणि मातीचा बांध घालून चार भाग करावेत आणि एकेका भागात ४०-५० मिमी पाणी ४८ तास ठेवावे. कडेचा भाग आधी आणि मधला नंतर. पन्नास मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो भार, एवढे स्लॅब सहसा सोसतो. तरीही छताच्या गिलाव्यातून सळया उघड्या दिसत असतील, तर अभियंत्याला विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये.

आपल्या गच्चीवरच्या जुन्या कोटिंगचा एक पोपडा काढून उलटा करून पाहावा, ही माझी खास विनंती आहे. त्याच्या पाठीला राखाडी भुकटी चिकटून आली असेल, तर कोटिंग सिमेंटच्या मेलेल्या थरावर चढवले होते. घोटाई करताना पाणी आणि सिमेंटचे दूध वर येते, त्याचा कमकुवत पापुद्रा तयार होतो आणि ऊन-पावसाने तो भुसभुशीत होतो. त्यावर कोणतेही रसायन लावले तरी ते त्या पापुद्र्यालाच चिकटते आणि त्याच्यासह निघते. पाठ स्वच्छ, चकचकीत आणि दमट असेल, तर खालून येणाऱ्या वाफेने कोटिंग उचलले आहे. पाठीला हिरवट-काळा थर असेल, तर शेवाळ न मारताच वर हात फिरवला होता. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्यात पृष्ठभाग यंत्राने किंवा तारेच्या ब्रशने घासून खरखरीत करावा लागतो, दुसऱ्यात कोबा सुकवावा किंवा काढावा लागतो आणि तिसऱ्यात ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने शेवाळ मारून भरपूर पाण्याने धुवावे लागते. सोबत जाडीही मोजून घ्यावी. पोपडा मोजण्यासाठी वर्कशॉपमधले साधे मायक्रोमीटर चालते.

या जाडीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण कोटिंगच्या कामातली सर्वांत मोठी लूट, आणि बऱ्याचदा प्रामाणिक अज्ञानही, याच ठिकाणी असते. दरपत्रकात 'प्रायमरसह दोन हात' असे लिहिलेले असते. हातांच्या संख्येला अर्थ नाही. सुकल्यावर किती जाडी उरते याला आहे. एक लिटर द्रव एका चौरस मीटरवर पसरला की ओल्या थराची जाडी एक मिलिमीटर होते. ॲक्रिलिक कोटिंगमधला घन भाग आकारमानाने साधारण निम्मा धरला, तर सुकल्यावर अर्धा मिलिमीटर उरतो. बाकीचे पाणी उडून जाते. आता आपल्या मागच्या कामाचा हिशेब करा. सचिवांनी कळवल्याप्रमाणे २० लिटरच्या सहा बादल्या आल्या होत्या. म्हणजे २८० चौरस मीटरला १२० लिटर, ओली जाडी ०.४३ मिमी आणि सुकल्यावर सुमारे ०.२ मिमी. पोस्टकार्डाच्या जाडीचा हा पापुद्रा कोकणपट्टीतला पावसाळा, मे महिन्याचे ऊन आणि गच्चीवरचा वावर यांपुढे दोन वर्षे टिकला हेच आश्चर्य. उघड्या गच्चीवर सुकलेली जाडी किमान एक मिलिमीटर हवी. त्यासाठी दर चौरस मीटरला दोन लिटर, अधिक खरखरीत पृष्ठभागात जिरणारे आणि वाया जाणारे दहा टक्के, म्हणजे एकूण सहाशे लिटरच्या आसपास. वीस लिटरच्या तीस बादल्या. सहा आणि तीस यांमधला फरक कोणत्याही हमीपत्राने भरून निघत नाही.

यावर कंत्राटदार असे सांगतात की, त्यांचे उत्पादन तीनशे टक्के ताणले जाते, म्हणून पातळ थरही भेगांना पुरतो. प्रयोगशाळेत मोकळ्या पट्टीला दोन्ही टोकांनी ओढले तर ती खरोखर तेवढी ताणली जाते. गच्चीवर मात्र थर भेगेच्या दोन्ही काठांना घट्ट चिकटलेला असतो. भेग शून्यापासून अर्धा मिलिमीटर उघडली, तर ताण घ्यायला भेगेवरचा केसभर भागच उपलब्ध असतो, आणि कोणतीही वस्तू तेथे तुटते. म्हणून हालणाऱ्या भेगेला व्ही आकाराची खाच पाडून लवचीक सीलंट भरावा, त्यावर न चिकटणारी अरुंद पट्टी ठेवावी आणि मग जाळीसह कोटिंग करावे. त्या पट्टीमुळे ताण घ्यायला केसभर भागाऐवजी दोन-तीन सेंटिमीटर लांबी मिळते. सीलंट न भरता वरून पांढरा सिमेंट घासून बुजवलेल्या भेगा पहिल्याच उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. फायबरची जाळी मात्र ओल्या थरात दाबून बुडवायची असते. सुकल्या थरावर पसरून वर दुसरा हात मारला, तर ती दोन थरांमध्ये पोकळी करते.

दोन घटकांचे, म्हणजे पावडर आणि पॉलिमर द्रव मिसळून लावायचे सिमेंटी कोटिंग थेट स्लॅबवर, नव्या कोब्याखाली, उत्तम असते. ते ओलसर पृष्ठभागावर चालते आणि वरच्या मसाल्याशी पकड धरते, परंतु उघडे ठेवू नये. पॉलियुरेथेन साचलेले पाणी ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी चांगले सोसते आणि महागही असते. त्यातले स्वस्त प्रकार उन्हात पिवळे पडून भुकटी सोडतात, म्हणून वर उन्हाला टिकणारा हात लागतो. पृष्ठभागात ओल असताना लावले, तर फोड येतात. डांबरी मेम्ब्रेन, म्हणजे गॅसच्या ज्योतीने चिकटवायची ३ किंवा ४ मिमीची गुंडाळी, चांगल्या हातांनी केली तर भरवशाची आहे. बाजूचे आच्छादन किमान १०० मिमी आणि टोकाचे १५० मिमी हवे, सुरुवात सखल कडेने करावी म्हणजे वरचा पट्टा खालच्यावर येतो, आणि कठड्यावर वीतभर चढवून खाचेत बंद करावी. परंतु ओल्या कोब्यावर ती चिकटवली की एप्रिलच्या उन्हात आतली वाफ तिला जागोजागी उचलते आणि तीवर वाळवण घालणे किंवा मुलांनी क्रिकेट खेळणे तिला मानवत नाही. इपॉक्सी उघड्या गच्चीवर नको. ती कडक असते आणि उन्हात भुकटते. सिमेंटमध्ये मिसळायचे जलरोधक द्रव, ज्यांच्यासाठी भारतीय मानक २६४५ आहे, मसाल्यातून पाणी झिरपणे कमी करतात, भेग मात्र बुजवत नाहीत.

पांढऱ्या रंगाने चौथा मजला थंड राहतो हे खरे आहे. नव्या पांढऱ्या कोटिंगवरून उन्हाचा मोठा भाग परत जातो आणि उघड्या सिमेंटवरून त्याच्या निम्म्याहूनही कमी जातो. पण हा फायदा धुळीने दोन वर्षांत बराच घटतो, आणि तो जलरोधनाचा पुरावा नव्हे. थंडावा देणारा रंग आणि पाणी अडवणारे कोटिंग या दोन वेगळ्या खरेद्या समजाव्यात.

छताच्या खालच्या बाजूबद्दल. जेथे गिलावा पडून सळया दिसतात, तेथे पुट्टी लावून रंगवणे किंवा पीओपीचे छत करून झाकणे धोकादायक आहे. काँक्रीटमधला अल्कधर्मीपणा सळईला गंजापासून वाचवतो. हवा आणि ओल यांनी तो उतरला की गंज सुरू होतो आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असल्याने तोच काँक्रीट फोडतो. सुटलेले काँक्रीट काढून, सळईच्या मागपर्यंत मोकळे करून, गंज घासून, गंजरोधक हात देऊन पॉलिमर मसाल्याने थराथराने भरावे. सळईचा व्यास नजरेत येण्याइतका घटला असेल, तर किती सळई जोडायची हे संरचना अभियंत्याने ठरवावे. खालून नोझल मारून रसायन दाबण्याचा उपाय सभासदांना फार आवडतो, कारण ठिबकणे दुसऱ्याच दिवशी थांबते. वरचा साठा तसाच असल्याने पाणी दोन महिन्यांनी शेजारच्या खोलीत उतरते. तो उपाय शेवटी उरलेल्या एखाद्या भेगेपुरता ठेवावा. राज्यातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचे असते. आपली इमारत दुसऱ्या गटात आली आहे. ते परीक्षण आणि ही गच्चीची तपासणी एकाच वेळी करून घ्यावी, म्हणजे अभियंत्याचा एकच अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवता येईल.

तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून माझा अंदाज असा की, चौकोन उघडल्यावर कोबा ओला आणि भुसभुशीत निघेल आणि तो काढावाच लागेल. हे काम लहान यंत्राने किंवा छिन्नीने करावे. मोठा ब्रेकर स्लॅबच्या काँक्रीटला नव्या भेगा पाडतो. निघालेले डेब्रिज त्याच दिवशी खाली उतरवावे, कारण मीटरभर उंचीचा ढीग दर चौरस मीटरला हजार-बाराशे किलोंहून अधिक भार टाकतो आणि मुकादमाला ढीग नेमका खोलीच्या मध्यावर रचण्याची सवय असते. उघडा स्लॅब धुऊन भेगा, मधमाशीसारखी छिद्रे असलेले काँक्रीट आणि पाइपांची तोंडे दुरुस्त करावीत, कठड्यालगत वाटा घालावा, मग दोन घटकांचे सिमेंटी कोटिंग दोन आडव्या-उभ्या हातांत स्लॅबवर आणि कठड्यावर एक फुटापर्यंत चढवावे. येथेच पाणी भरून ७२ तास चाचणी घ्यावी आणि चौथ्या मजल्यावरच्या सभासदांच्या सह्या घ्याव्यात. त्यानंतर उताराचा नवा थर, जुन्यापेक्षा जड नसलेला, आणि दोन पाइप वाढवून काम पुरे करावे. त्यावर चिनी मोझॅक, म्हणजे चकचकीत फरशांच्या तुकड्यांचा थर, बसवला तरी चालेल. वावरणाऱ्या गच्चीला ते कोणत्याही कोटिंगपेक्षा टिकाऊ ठरते.

कोबा कोरडा आणि एकसंध निघाला, तर एवढे करण्याची गरज नाही. बद्द भाग तेवढे काढून भरावेत, डबकी पॉलिमर मसाल्याने उतारात आणावीत, वाटे नव्याने करावेत, पृष्ठभाग घासावा आणि ४५ सेंमी चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून किमान सोळा तास ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला थेंब धरले असतील, तर थांबावे. कोरडा असेल, तर जाळीसह एक ते दीड मिलिमीटर सुकलेल्या जाडीचे कोटिंग करावे. कोटिंग सकाळी करू नये. सकाळपासून स्लॅब तापत जातो, छिद्रांतली हवा प्रसरण पावून वर येते आणि ओल्या थरात टाचणीएवढी भोके पाडते. दुपारी चारनंतर स्लॅब थंड होऊ लागतो आणि हवा आत ओढली जाते; तेव्हा पहिला हात द्यावा, फक्त दव पडण्यापूर्वी तो सुकेल एवढा वेळ राखावा.

नवे दरपत्रक मागवताना सुकलेली जाडी मिलिमीटरमध्ये, दर चौरस मीटरला लिटर किंवा किलो, कठड्यावर चढवण्याची उंची, भेगा आणि वाटे यांची मोजमापे आणि पाणी चाचणीचे तास हे लिहून घ्यावे. माल सीलबंद येतो का ते पाहून बादल्या समितीने मोजाव्यात, बॅच क्रमांक आणि मुदत नोंदवावी आणि रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत गच्चीवरच राहू द्याव्यात. ओली जाडी मोजायची दातेरी पट्टी अत्यल्प किमतीत मिळते. ती ओल्या थरात उभी टेकवली की कोणत्या दातापर्यंत रंग लागला यावरून जाडी तत्काळ समजते, आणि कंत्राटदाराच्या माणसांसमोर ती दोनदा वापरली की पाणी घालून पातळ करण्याचे प्रमाण आपोआप कमी होते. हमीपत्रात भेगा, साचलेले पाणी आणि कडा वगळल्या आहेत का, ते वाचावे. तिन्ही वगळले असतील, तर हमी कशाची हे त्यांनाच विचारावे. बिलाचे दहा टक्के एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवणे मला कोणत्याही हमीपत्रापेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

खर्च चौथ्या मजल्यावरच्या तीन सभासदांनी करावा, असा सूर आपल्या सभेत निघाला असल्याचे प्रश्नात म्हटले आहे. तसे करता येत नाही. पावसाच्या पाण्याने होणाऱ्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार संस्थेने स्वखर्चाने करायची असते, मग ती गच्चीतून असो वा बाहेरच्या सामाईक पाइपातून.

सभा, परीक्षण आणि दरपत्रके यांत मे उजाडला, तर कोबा फोडू नये. उघडा स्लॅब आणि पहिला पाऊस ही गाठ पडली, तर खालच्या सदनिकांची अवस्था आजपेक्षा वाईट होईल. त्या वर्षापुरते पाइप साफ करून त्यांच्या तोंडांना घुमटाकार जाळ्या बसवाव्यात, वाट्यांच्या आणि पाइपांच्या भोवतालच्या भेगा सीलंटने भराव्यात आणि गळणाऱ्या तीन सदनिकांवर बांबूच्या आधाराने उतार देऊन जाड ताडपत्री ताणावी. तिची वरची कड कठड्यापलीकडे सोडावी आणि खालची कड थेट पाइपाच्या तोंडाशी आणावी. ताडपत्री गच्चीवर सपाट अंथरली, तर तिच्याखाली शिरलेले पाणी सुकत नाही. बांबू रोवण्यासाठी कोब्यात भोके न पाडता वाळूच्या डब्यात उभे करावेत. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरमध्ये ताडपत्री काढून कोब्याला ऊन लागू द्यावे, चौकोन उघडण्याचे काम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घ्यावे आणि कोबा काढायचा ठरल्यास मेच्या मध्यापर्यंत नव्या थराची पाणी चाचणी पूर्ण होईल अशा बेताने कंत्राटाची मुदत लिहावी.